वाणातली टिकली

भिवापूर
दि. २ मार्च १९८४

चि. सौ. सुभद्रा हिला मनकर्णाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सारे ठीक. तुझ्या दादांचा खोकला गेला, बिडी काही गेली नाही. मिरची अंगणात पसरली आहे, घरभर खकाणा उठून राहिला, येणारा-जाणारा शिंकतच दारात येते. वामनरावांची बदली टळली हे वाचून बरं वाटलं. निदान अजून दोन वर्षं आम्हाला नागपुरात उतरायला हक्काचं घर राहिलं.

आता मुद्द्याचं लिहिते. पुढचं तू एकटीनं वाच, शेजारणीला वाचून दाखवायची तुझी खोड मले ठाऊक आहे.

शामलाच्या कपाळावर पांढरा डाग आला आहे. दोन भुवयांच्या बरोब्बर मधात. साक्षगंधानंतर थोड्याच दिवसांनी मी तिचे केस विंचरून देत होती, तेव्हा दिसला. तुरीच्या डाळीएवढा होता. मी म्हटलं, उन्हाचा असेल. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून तिला जरा मोठी टिकली लावायला सांगितली. काही दिवसांनी डाग त्या टिकलीएवढा झाला. मग मी त्याहून मोठी आणवली. आता आठ आण्याच्या नाण्याएवढा आहे. मी टिकली वाढवते तसा मेला डागही वाढून राहिला, जसं काही त्याले कळतेच.

त्या रोगाचं नाव मी कागदावर लिहीत नाही. तुझ्या माहेरात नाही, माझ्या माहेरात नाही, मग माझ्याच पोरीच्या कपाळी काहून यावा? सावनेरच्या देवरावांचा गोविंदा कसा आहे ते तू साक्षगंधात पाहिलंच. कोळशाच्या खाणीच्या हापिसात नोकरी, मान खाली घालून बोलणारा पोरगा. तुळसाबाई विहीण म्हणून जिभेच्या कडक, पण पोटात काही ठेवत नाहीत. तुळशीची लग्नं लागली की मांडव घालायचा ठरला आहे. त्यांना हे कळलं तं सुपारी परत येईल, आणि एकदा परत आलेल्या पोरीला मग कोण करून घेते?

तुझे दादा म्हणतात, लपवत काय बसता, नागपूरला नेऊन दाखवून टाका. म्हणून तिला सोमवारच्या एस.टी.नं पाठवते. गावात सांगितलं आहे की आत्याकडे शिवणाचा क्लास लावला. तूही तेच सांग, आणि चांगल्या डॉक्टरला दाखव. शामला वरून हसते, पण रात्रीची जेवत नाही.

लोभ आहेच, तो आता या पोरीच्या कामी येऊ दे.

तुझी वहिनी
मनकर्णा

*

सदर, नागपूर
दि. १५ मार्च १९८४

ती. सौ. वहिनीस सुभद्राचा सा. न. वि. वि.

शामला सुखरूप पोचली. तुम्ही पाठवलेल्या मिरचीनं ह्यांना पहिल्याच दिवशी रडवलं. आता रोज भाजी पुढ्यात आली की आधी पाण्याचा तांब्या मागतात.

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. कोड नाही. तुम्ही नाव लिहिलं नाही, मी लिहिते, कारण ते नाहीच. आता सगळं सविस्तर सांगते.

मोठ्या दवाखान्याच्या चामडीच्या विभागात गेलो. रांग ही एवढी. शामला पदरानं तोंड झाकून बसली होती. आमच्या पुढे नत्थू नावाचा एक हमाल होता. त्याच्या दोन्ही पावलांवर पांढरे पट्टे, अंगठ्यापासून दोन्हीकडे फाकलेले. चप्पल काढली तरी पायात चपलेचे पट्टे दिसावेत तसे. रबरी चपलेनं झालं म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला कोणी काहीतरी सांगून फसवलं.

आमचा नंबर लागला. डॉ. वैरागडे म्हणून बाई आहेत, चाळिशीच्या, फार बोलत नाहीत. त्यांनी शामलाला टिकली काढायला सांगितली तर ही माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मीच काढली. बाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा धागा डागावर टेकवला, मग टाचणी, मग गरम पाण्याची नळी, मग थंड. प्रत्येक वेळी हिनं बरोबर सांगितलं. डागाला स्पर्श कळतो, म्हणजे महारोग नाही. तुमच्या मनात तेही आलं असणार, तुम्ही लिहिलं नाहीत एवढंच.

मग बाईंनी तीच टिकली परत डागावर ठेवली. वहिनी, डबीवर झाकण बसावं तशी बसली! कडेला सुताएवढीही जागा उरली नाही. एवढी मोठी टिकली लावायला कोणी सांगितलं म्हणून त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं आणि का सांगितलं तेही सांगितलं. त्या हसल्या, आणि मग शामलाचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

त्यांनी टिकलीच्या मागचा चिकट गोंद शामलाच्या पाठीवर लावून वरून पट्टी मारली. दोन दिवसांनी उघडलं तर तेवढीच जागा लाल, खाजरी. त्या गोंदात काहीतरी रसायन असतं, ते काहींच्या कातडीचा रंग खाऊन टाकतं. नत्थूच्या चपलेतही तसलंच काही. सगळ्यांना होत नाही. बिबा एखादीलाच उततो तसं हे. म्हणजे टिकली मोठी होत गेली म्हणूनच डाग मोठा होत गेला. तुम्ही झाकत होता आणि झाकणच त्याला वाढवत होतं.

गेल्या राखीला त्या टिकल्यांचं पहिलं पाकीट तिला मीच दिलं होतं. मला काही झालं नाही, तिला झालं. त्या दिवशी रांगेतून घरी येईपर्यंत मी तिच्याशी नीट बोलू शकले नाही.

औषध असं: रात्री एक मलम. सकाळी दुसरं मलम लावून कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायचं, पण फार नाही, कारण आपल्या उन्हाचा भरवसा नाही. आणि कपाळाला काहीही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकू नाही, पावडर नाही. निदान सहा महिने. रंग परत येईल का, तर बाई म्हणाल्या की कपाळावर बहुतेक येतो, पण शपथेवर सांगत नाही.

दादांना नमस्कार. उत्तर लवकर पाठवा, तोवर माझ्यावरचा लोभ तेवढा सांभाळा.

तुमची
सुभद्रा

*

भिवापूर
दि. २३ मार्च १९८४

चि. सौ. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि आधी मारोतीला नारळ फोडला. मग पुन्हा वाचलं, आणि डोक्यात राख घालून हे लिहायला बसली.

कपाळाला काहीही लावायचं नाही म्हणजे काय वं? साक्षगंध झालेली पोर सहा महिने कोऱ्या कपाळानं फिरवायची? तिकडे गोविंदा खाणीच्या वाटेनं जाऊन-येऊन राहिला आणि इकडे त्याची होणारी बायको पांढरं कपाळ घेऊन बसली? त्या डॉक्टरीणबाईंना लेकीसुना आहेत की नाही? त्यांना विचार की डाग सोडून जरा वरती बोटभर कुंकू चालेल काय. नाहीतर मेण-पिंजर तरी. आमच्या आयांनी जन्मभर मेणावर पिंजर लावली, कोणाचं कपाळ पांढरं झालं नाही. तुझ्या शहरातल्या चिकट टिकल्या आल्या आणि हे सुरू झालं. तू मनाला लावून घेऊ नको, मी रागात लिहिते. तुझ्या टिकल्या मलेही आवडल्याच होत्या.

एक बरं की पोर तुझ्याकडे आहे. तिथं कोण ओळखते! पण परवा तुळसाबाईंचं पत्र आलं. आखाजीच्या सणाला शामलाला चार दिवस सावनेरला पाठवा म्हणतात, त्यांची लेक सिंधूही काटोलहून माहेरी येणार आहे, नणंद-भावजया एकमेकींच्या सवयीच्या होतील. आता याला काय उत्तर देऊ? मी लिहिलं की क्लासची परीक्षा आहे. शिवणाच्या क्लासाला कोणती परीक्षा असते ते देवच जाणे.

तुझे दादा पत्र वाचून एवढंच म्हणाले की डॉक्टरचं ऐका. त्यांना काय, कपाळ तं बाईलेच आहे.

माझा राग दोन दिवसांचा असतो, लोभ कायमचा, हे तुले सांगायला नको.

मनकर्णा

*

सदर, नागपूर
दि. ६ एप्रिल १९८४

ती. सौ. आईस शामलाचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. आत्याबाई मला गच्चीवर उन्हात बसवतात आणि घड्याळ हातात घेऊन शेजारी उभ्या राहतात. मलम लावलेलं कपाळ चकाकतं, म्हणून काकाजी मला कंदील म्हणतात. बरी बाजू म्हणजे शिवणाचा क्लास खरंच लावला आहे, त्यामुळे निदान तेवढं खोटं बोलायचं टळलं.

पहिले काही दिवस रस्त्यानं मान वर करवत नव्हती. सदरच्या दुकानात एका बाईनं हळूच विचारलं, की केव्हा झालं, कशानं गेले. मला आधी कळेना. मग कळलं की ती माझ्या नवऱ्याबद्दल विचारते आहे. मी सांगितलं की अजून लग्नच व्हायचं आहे, तर ती आणखीच घाबरली. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो, पण त्या रात्री मी रडले, हेही तुला सांगते.

डॉक्टरीणबाईंना वर बोटभर कुंकवाचं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. डाग भरून आला की मग मेण-पिंजर लाव, पण चिकट टिकली जन्मात नाही, असं सांगितलं.

आता ज्यासाठी पत्र लिहिते ते. आई, ह्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू वाण म्हणून काय दिलंस? आत्याबाईंकडून डझनानं मागवलेली ह्याच टिकल्यांची पाकिटं. आळीतल्या सगळ्या बायकांनी नेली. शेजारच्या बायजाबाईंनी नेलं. आणि सावनेरहून तुळसाबाई आणि सिंधूताई मुद्दाम आल्या होत्या, त्यांच्या ओटीत तर तू दोन दोन पाकिटं घातलीस, कारण सिंधूताईंना तो गडद रंग फार आवडला होता. त्यांनी तिथल्या तिथे एक लावून आरशात पाहिली, मला अजून दिसते.

सगळ्यांना होणार नाही हे मला माहीत आहे. पण कोणाला तरी होईलच. बाई म्हणाल्या की टिकली जितकी लवकर सुटेल तितका डाग लवकर भरतो. तू सगळ्यांना कळव, सावनेरला सगळ्यात आधी. माझं कळलं तर कळू दे. तू लिहिणार नसलीस तर मी लिहीन, पण वाण तुझ्या हातचं होतं, तेव्हा पत्रही तुझ्या हातचं जावं असं मला वाटतं.

बाबांना नमस्कार. रागावू नकोस, रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
शामला

*

भिवापूर
दि. १८ एप्रिल १९८४

चि. सौ. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

वि. वि. शामलाचं पत्र तू वाचलं असशीलच, तुझ्याच घरातून आलं. वाणाची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

पण तू मोठी आहेस, तू तरी विचार कर. सावनेरला काय लिहू? तुमच्या होणाऱ्या सुनेचं कपाळ पांढरं झालं आणि ज्यानं झालं तेच मी तुमच्या ओटीत घातलं, असं? पहिलं वाक्य वाचूनच त्या सुपारी परत पाठवतील, दुसऱ्यापर्यंत जाणारही नाहीत. गोंद आणि रंग हे डॉक्टरला समजते, आपल्या बायकांना पांढरा डाग म्हणजे एकच गोष्ट समजते. आणि सांग, सिंधूला होईलच हे कशावरून? तुले झालं का? मलेही नाही. मग शंभरातल्या एकीसाठी मी माझ्या पोरीचं लग्न मोडायचं?

दिवाळी होऊ दे. मांडव पडू दे. मग मीच जाऊन त्यांना तोंडानं सांगते, शपथ घेऊन सांगते. तोवर शामलाला पोस्टकार्ड मिळू देऊ नको. तिला म्हणावं, आईनं पायावर डोकं ठेवून सांगितलं आहे.

तुझ्या दादांना मी वाणाचं सांगितलं नाही. सांगितलं तं ते काय म्हणतील ते मले ठाऊक आहे.

ह्या वेळी माझी बाजू घे, लोभाची परीक्षा समज.

मनकर्णा

*

सदर, नागपूर
दि. २० मे १९८४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. शामलाच्या डागात ठिपके उठले आहेत! खसखशीएवढे, तपकिरी, प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक. मला वाटलं, आता हे काय नवीन, म्हणून घाबरून दवाखान्यात नेली. डॉ. वैरागडेबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि पहिल्यांदा तोंड भरून हसल्या. रंग केसांच्या मुळातून परत येतो म्हणाल्या. हे ठिपके पसरत पसरत एकमेकांना मिळाले की डाग बुजला. शामला आता दिवसातून दहा वेळा आरशात ठिपके मोजते आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.

पोस्टकार्डाचं म्हणाल तर मी ती लपवलेली नाहीत. फडताळात समोरच आहेत. तिनं तुमचा शब्द मानला म्हणून ती लिहीत नाही. पण ती माझ्याशीही कामापुरतंच बोलते.

मी इथल्या ज्या चौघींना त्या टिकल्या दिल्या होत्या, त्यांच्या दारी जाऊन सांगून आले. एकीनं पाकीट माझ्यासमोर चुलीत टाकलं. दोघींना पटलं नाही. चौथीनं दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली की मी तिच्यावर जळते. वहिनी, तरी मला झोप लागली. तुम्हाला लागते का, तेवढं कळवा.

तुम्ही लिहिलंत की आखाजीच्या तोंडावर तुळसाबाईंचंच कार्ड आलं, घरात बिमारी आहे, परीक्षा झाली तरी पोरीला पाठवू नका, आणि त्यानंतर त्यांचं एकही पत्र नाही. तुम्हाला वाटतं की त्यांना शामलाचं कळलं म्हणून त्या गप्प झाल्या. असेलही. मग आता लपवायला उरलंच काय?

बोलले ते लहान तोंडी मोठं असेल. ते सोडून बाकीचा लोभ ठेवा.

तुमची
सुभद्रा

*

भिवापूर
दि. २१ जून १९८४

सौ. विहीणबाई तुळसाबाई यांस भिवापूरहून मनकर्णाचा स. न. वि. वि.

आखाजीपासून तुमचं पत्र नाही. घरातलं दुखणं बरं झालं असेल अशी आशा करते. देवराव आणि गोविंदा खुशाल असतील.

ह्या पत्रात लिहिलेलं वाचून तुम्ही जे ठरवाल ते आम्हाला मान्य आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे मागून माझा हात थांबायला नको.

संक्रांतीला मी तुमच्या आणि सिंधूच्या ओटीत ज्या चिकट टिकल्या घातल्या, त्या असतील तर आजच फेकून द्या. कोणाला देऊ नका. त्यांच्या गोंदानं काहींच्या कपाळाचा रंग जातो आणि पांढरा डाग पडते. हे कोड नाही, रक्तातलं नाही, एकीचं दुसरीला लागत नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉ. वैरागडेबाईंनी पाठीवर गोंद लावून पारखून सांगितलं आहे. टिकली सोडली आणि औषध केलं की बहुतेक रंग परत येतो.

हे मले कसं ठाऊक, तं आमच्या शामलाच्या कपाळावर तसा डाग पडला आहे. साक्षगंधानंतर दिसला. आम्ही तो तुमच्यापासून लपवला. ती शिवणासाठी नागपूरला गेली असं तुम्हाला सांगितलं, ती औषधासाठी गेली आहे. तीन महिने तिनं कपाळाला काही लावलेलं नाही, डाग अर्ध्याच्या वर भरला आहे.

शामला पाडव्यापासून माझ्या मागं लागली होती की सावनेरला कळव. मी ऐकलं नाही. माझ्या पोरीचं लग्न मोडेल या भेवानं मी गप्प बसली. मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या बायजाबाईंच्या कपाळावर डाग निघाला. त्यांच्या सुनेनं त्यांचं ताट वेगळं केलं, विहिरीवर बायका त्यांच्या बादलीला हात लावेनात. म्हातारी दारात बसून रडत होती आणि माझ्या हातचं वाण तिच्या कपाळावर होतं. मग माझ्यानं राहवलं नाही. विहिरीवर जाऊन सगळ्यांसमोर मी सांगितलं, आणि शामलाचंही सांगितलं. कोणी ऐकलं, कोणी तोंड फिरवलं. घरोघर फिरून पाकिटं गोळा केली आणि उकिरड्यावर जाळली.

घरी येऊन शामलाच्या बाबांना वाणाचं सांगितलं. ते आधी चिडले, की एवढे दिवस त्यांच्यापासून का लपवलं. मग म्हणाले, सावनेरचा पोरगा पुढची चाळीस वर्षं तिला धुतल्या तोंडानं पाहणार आहे, तू किती दिवस टिकली चिकटवून ठेवणार होतीस? मग मी हे पत्र लिहायला बसली.

तुम्ही स्वतः नागपूरला येऊन पोरीचं कपाळ पाहा, डॉक्टरीणबाईंना विचारा. मग सुपारी ठेवायची की परत करायची ते ठरवा. परत केलीत तरी टिकल्या मात्र फेका, एवढं माझं ऐका. सिंधूला काटोलला आजच कळवा.

लोभ मागायला तोंड नाही, नमस्कार तेवढा घ्यावा.

आपली
मनकर्णा

*

सावनेर
दि. ९ जुलै १९८४

सौ. विहीणबाई मनकर्णाबाई यांस तुळसाबाईचा नमस्कार.

वि. वि. हे अक्षर सिंधूचं आहे. मी सांगून राहिली, ती लिहून राहिली. मी काही गाळू देणार नाही, असं तिले आधीच बजावलं आहे.

तुमचं पत्र गोविंदानं वाचून दाखवलं. अर्ध्यावर आला अन् थांबला. मी त्याले म्हटलं, पुढं वाच गा. सारं वाचून झालं तवा सिंधू आतल्या खोलीतून बाहेर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा दिवसाउजेडी बाहेर आली.

आता आमचं ऐका. आखाजीच्या आठ दिवस आधी सिंधूच्या सासूनं तिले काटोलहून आणून आमच्या ओसरीवर सोडलं. कपाळावर पांढरा डाग दिसला म्हणून. दीड वर्षाचं लेकरू तिकडंच ठेवून घेतलं, त्याले लागन म्हणून. जातांना म्हणाली की खोट असलेली पोर आमच्या गळ्यात बांधली. सिंधू अन्न घेईना, भिंतीकडं तोंड करून पडून राहे. मी तुम्हाले बिमारीचं कार्ड टाकलं, काहून की नवरदेवाच्या बहिणीले कोड हाये हे तुम्हाले कळलं तं तुम्हीच सुपारी परत धाडसान, असं भेव होतं. म्हणून पत्र बंद केलं.

मले तुमचा लय राग आला. तुमची पोर पाडव्याले म्हणे सांगून राहिली होती. तवा हे पत्र आलं असतं तं आखाजीच्या आधी टिकली सुटली असती, अन् सिंधू आज आपल्या लेकराजवळ असती. हे मी पोटात ठेवणारी बाई नाही, म्हणून लिहून घेतलं. लिहितांना सिंधू म्हणे हे राहू दे. मी म्हटलं, लिही.

दुसऱ्या दिवशी गोविंदाले घेऊन काटोलले गेली. तुमचं पत्र सिंधूच्या सासूसमोर वाचून दाखवलं. ते म्हणे, कागदावर कोणी काही लिहिते. मी म्हटलं, ठीक हाये, कागद नोको, माणूस आणते. तं आता असं करा. येत्या सोमवारी मी सिंधूले घेऊन नागपूरले येते. तुम्ही बी या. डाक्तरीणबाईले दाखवू. मग शामलाले संगं घेऊन तिथूनच काटोलले जाऊ. तिचं भरून राहिलेलं कपाळ त्या बाईच्या डोळ्यासमोर धरीन, अन् माह्या नातवाले घेऊन येईन. शामला येते काय, तेवढं तिले विचारा. जबरदस्ती नोको. सिंधू विचारून राहिली की शामलाले पहिला ठिपका कवा दिसला. तिले आरशात पाहाले भेव वाटते, म्हणून मी पाहाते, पण माहे डोळे बारके झाले.

सुपारीचं म्हणाल तं गोविंदाले मी विचारलं. तो खाली मान घालून म्हणे, मी शामलाले पाहून हो म्हटलं होतं, टिकलीले पाहून नाही. एवढं लंबं तो या घरात कधी बोलला नव्हता. तारीख ठरली तीच राहीन. तवापर्यंत डाग बुजला तं बुजला. नाही बुजला तं कपाळ कोरं राहू द्या. कुंकू मी तिच्या भांगात भरीन, तिथं डाक्तरचं काही चालत नाही.

राग हाये, तो उतरन तवा उतरन. लोभ ठेवजा, मी बी ठेवून राहिली.

तुमची विहीण
तुळसाबाई